जात्यावरचे खरे व पाळण्यातले खोटे

गेल्या कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या मंगरूळपिरात एक लहानशी साहित्यसभा भरली होती. विषय होता ‘आजचे मराठी गीत’. वक्ते तरुण होते, बहुश्रुत होते, आणि सभा जिंकण्याची हातोटी त्यांना साधलेली होती. बोलण्याच्या ओघात त्यांनी असे प्रतिपादन केले की, मराठी गीताला जडलेल्या रोगाचे नाव ‘घर’ हे आहे. आजी, आजोबा, अंगण, तुळशीवृंदावन, पाळणा, जाते हे सारे सामान आता माळ्यावर टाकावे. गीत हे जगाचे असते, घराचे नव्हे. आणि ज्यांना नातवंडे झाली त्यांनी ती खुशाल खेळवावीत, परंतु त्यांच्यावर गाणी रचू नयेत. सभा खळखळून हसली. आम्हीही हसलो, मात्र आमचे हसणे काहीसे चोरटे होते, कारण चार दिवसांवर आलेल्या नातवाच्या बारशासाठी आम्हीच रचलेल्या पाळण्याचा कागद त्या वेळी आमच्या सदऱ्याच्या खिशात होता.

त्या वक्त्यांशी आमचे वैर नाही. त्यांचे अर्धे म्हणणे आम्हांला मान्य आहे, आणि ते आम्ही पुढे मोकळेपणाने कबूल करणार आहोत. परंतु उरलेले अर्धे नुसते चुकीचे नसून घातक आहे, व ते टाळ्यांच्या गजरात निसटून जाऊ नये, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच. घरच्या आठवणी हा गीताचा विषय नव्हे, ही त्यांची पहिली चूक. आजा-आजींनी गीत रचणे हा निव्वळ विरंगुळा होय, ही दुसरी. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, घरच्या आठवणीने गीताचा नाश होत नाही. ती आठवण गोड करून सांगितल्याने होतो. आणि ती गोड न करता सांगण्याचा अधिकार आजा-आजीइतका दुसऱ्या कोणालाही नाही.

प्रथम पहिल्या आक्षेपाचा विचार करू. घर हा क्षुद्र विषय आहे असे म्हणणाऱ्याने मराठी गीताचा जन्म कोठे झाला एवढे तरी पाहावे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. ज्ञानेश्वरी त्यानंतरची, तिचा काळ १२९० हा. म्हणजे ओवीला ग्रंथाचे सिंहासन मिळण्यापूर्वीच ती उखळापाशी व जात्यापाशी नांदत होती. आमच्या गावाच्या नावातला ‘पीर’ ज्यांच्या दर्ग्यामुळे आला ते दादा हयात कलंदर सूफी परंपरेतले. आणि दख्खनच्या सूफींनीही घरोघरी पोहोचण्यासाठी जे गीतप्रकार हाती धरले त्यांत ‘चक्कीनामा’, म्हणजे दळताना म्हणावयाचे गाणे, हा एक होता. ज्ञानाला आणि भक्तीला घराच्या आत शिरावयाचे होते तेव्हा त्यांनी जात्याची खुंटी धरली. आणि आजच्या गीताने मात्र त्या खुंटीपासून दूर पळावे, हे कोणते शास्त्र?

बरे, हे धन कोणी पाहिलेच नाही असेही नाही. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या वेचल्या, कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांस अपौरुषेय वाङ्मयाचा मान दिला, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे खंडामागून खंड सिद्ध केले, इंदिरा संतांसारख्या थोर कवयित्रीने उतारवयात ‘मालनगाथा’ हाती घेतली. गी पॉयतवाँ व हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जमविलेल्या ओव्यांची संख्या तर एक लाखाहून अधिक आहे. एक लाख ओव्या! यांतल्या बहुतेकींची विषयसूची काढली तर ती कोणत्याही घराच्या उंबरठ्याच्या आतच मावेल: आई, बाप, भाऊ, लेक, सासू, सवत, गाय, भाकरी, माहेरची वाट. अडगळीचा एवढा मोठा ढीग ज्या भाषेजवळ आहे, तिने तो फेकण्यापूर्वी निदान उपसून तरी पाहावा.

परंतु केवळ प्राचीनतेच्या जोरावर आम्ही हा वाद जिंकू इच्छीत नाही. जुने ते सारे चांगले असते तर प्लेगही चांगला ठरला असता. ओवीत असे काय आहे की ज्याच्यावाचून आजचे गीत दुबळे पडले आहे, हा खरा प्रश्न. आमच्या मते त्याचे उत्तर दोन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट नाव, व दुसरी गाऱ्हाणे.

ओवीची घडण पाहावी. आरंभी एखादे झाड, एखादा देव, एखादी वाट; आणि चरण पालटताच गाणारीचे माणूस, बहुधा नावानिशी. सारी ओवी परंपरेने आलेली असते, परंतु नावाची जागा मोकळी असते. पाटावरून चौरंगावर जावे तशी ती ओवी या घरातून त्या घरात जाते, आणि दर घरी त्या मोकळ्या जागेत त्या घरचे नाव बसते. हजार घरांत तीच ओवी, आणि हजार घरांत ती निराळी. वक्तेमहाशय ज्या विश्वात्मकतेसाठी झुरतात ती मराठी बायकांनी कधीच साधली होती. मात्र नाव पुसून नव्हे, तर नाव घालून. आजचा गीतकार नेमके उलट करतो. सर्वांना आपले वाटावे म्हणून तो ‘आई’ म्हणतो, ‘बाळ’ म्हणतो, ‘गाव’ म्हणतो; आणि मग ती आई कोणाचीच नसते, ते बाळ कोणत्याच पाळण्यात निजत नाही, व ते गाव कोणत्याच तालुक्यात सापडत नाही.

दुसरी गोष्ट गाऱ्हाण्याची. जाते हे धान्य दळण्याचे साधन तर होतेच, परंतु बोलण्याची ती एकमेव जागाही होती. पहाटेचा काळोख, घरघर असा अखंड आवाज, समोर बसलेली जाऊ किंवा नणंद, आणि पुरुषमंडळी अजून अंथरुणात. दिवसा जे शब्द तोंडाबाहेर काढता येत नसत ते तेथे सुरात निघत. सासूने ऐकले तरी तिला रागावण्याची सोय नसे; कारण सून काही बोललीच नाही, सून ओवी गायिली! आमच्या वऱ्हाडातील भुलाबाईच्या गाण्यांतही हीच युक्ती आहे. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईपुढे गाणी म्हणतात, डब्यातला खाऊ ओळखावयास लावतात, खिदळतात. आणि त्या खिदळण्यात माहेरी जाण्यास निघालेल्या सुनेला सासरचे लोक एकामागून एक अट कशी घालतात, हे सारे म्हणून टाकतात. पोहरादेवी येथून फार दूर नाही. तेथे ज्यांचे दैवत नांदते त्या बंजारा समाजात लेक सासरी निघताना ‘ढावलो’ म्हणते. ते लग्नातले गाणे खरे, परंतु मंगलाष्टक नव्हे. तो सुरात बांधलेला आक्रोश आहे. तात्पर्य, आमच्या थोरल्या बायकांची गाणी गोड नव्हती. ती खरी होती, आणि खरी म्हणून जगली.

येथे एक घरची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. वक्तेमहाशयांनी तेवढी अडगळ क्षणभर सोसावी.

आमची आजी आमच्या लहानपणी, म्हणजे १९५५ ते ६० च्या सुमारास, पहाटे दळीत असे. हे मंगरूळ त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते. वाशीम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. आजीच्या मांडीवर डोके ठेवून, पिठाच्या ऊबदार वासात, आम्ही अर्धवट झोपेत ओव्या ऐकत असू. तिच्या ओव्यांत आमच्या वडिलांचे नाव येई, आत्यांची नावे येत, आमचेही येई, आणि आमचे नाव आले की आम्ही झोपेतही हसत असू. परंतु त्यांत आणखी एक नाव येई, जे दिवसा घरात कोणीही उच्चारीत नसे. पुष्कळ वर्षांनी आम्हांस कळले की ते आमच्या वडिलांच्या वडीलभावाचे नाव होते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत तो गेला. त्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली, व आमच्या मध्यप्रांत-वऱ्हाडाला तर फारच जबर तडाखा दिला. त्या कोटीतला हा एक, अडीच वर्षांचा. त्याचे छायाचित्र नाही, जन्मपत्रिका नाही, कोठल्या दप्तरात नोंद असल्यास आम्ही ती पाहिलेली नाही. वंशवेलीत सुद्धा त्याला जागा मिळाली नाही, कारण वंशवेल पुरुषांनी लिहिली, आणि त्याने पुढे वंश चालविला नव्हता. तो या जगात येऊन गेला याचा एकच पुरावा होता: जात्यावरची ती ओवी. तिचा आशय असा होता की, सर्वांच्या वाटणीचे पीठ पडले, एकाच्या वाटणीचे जात्यातच राहिले.

पुढे गावात पिठाच्या गिरण्या वाढल्या, जाते कोपऱ्यात गेले, आजी गेली, आणि ती ओवी आम्ही विसरलो. अगदी प्रामाणिकपणे सांगावयाचे तर साठ वर्षे विसरलो.

आता त्या कोजागिरीच्या आदल्या रात्रीकडे येऊ. सभा आटोपून आम्ही घरी परतलो तो गल्लीतल्या मुली भुलाबाईपुढे गात होत्या. घरी आल्यावर वक्त्यांच्या टोमण्याने दुखावलेल्या मनाला मलम म्हणून आम्ही खिशातला कागद काढून आमच्या आठ वर्षांच्या नातीला तो पाळणा वाचून दाखविला. पाळणा वृत्तात चोख होता. त्यात चंद्र होता, चांदण्या होत्या, यशोदा होती, जरीचे टोपडे होते, मोत्यांचा चांदवा होता. नातीने लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, “आबा, यात आपलं बाळ कुठं आहे?”

वाचकहो, वक्त्याच्या तासाभराच्या व्याख्यानाने जे साधले नाही ते या एका वाक्याने साधले. आमच्या घरात जरीचे टोपडे कधी नव्हते. मोत्यांचा चांदवा आम्ही चित्राखेरीज पाहिलेला नाही. आमच्या घरात जे होते ते असे: कापसाचे भाव पडले त्या वर्षी विकलेले दोन एकर रान, मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरील ती अरुंद रुळांची, आता बंद पडलेली ‘शकुंतला’, जिच्यातून कारंज्याला उतरून आमची आई बाळंतपणाहून परत आली, आजीचे पांढरे हात, आणि एक नाव. त्यांतले काहीही त्या पाळण्यात नव्हते. आम्ही पन्नास वर्षे कविता वाचली, काही लिहिली, आणि आपल्या नातवासाठी गाणे रचावयास बसलो तेव्हा दुसऱ्यांच्या घरचे सामान उसने आणून मांडले. त्या रात्री झोप आली नाही. आणि पहाटे, साठ वर्षांनंतर, ती ओवी चालीसकट आठवली.

आम्ही दुसरे गाणे लिहिले. त्यात रान आले, गाडी आली, आजीचे हात आले, आणि मोकळ्या जागेत नातवाच्या नावाशेजारी ते जुने नाव आले. ते घरात वाचून दाखविताच मात्र गहजब झाला. बारशाच्या दिवशी, पाळण्याच्या दोरीला हात लावून, गेलेल्या मुलाचे नाव घ्यावयाचे? सूनबाई काही बोलल्या नाहीत, परंतु त्यांनी बाळाला उचलून आत नेले, आणि ते बोलण्याहून अधिक होते. आमच्या पत्नीने स्पष्टच सांगितले, “अहो, सासूबाई ते नाव जात्यावर घेत. पाळण्यावर त्यांनीही घेतलं नव्हतं.”

या वाक्यापुढे आम्ही निरुत्तर झालो, व आजही आहो. आम्हांला वाटत होते की आम्ही खरे बोलणारे, आणि घर ते दडपणारे. परंतु खरे बोलण्यालाही जागा लागते, हे जे आजीला अक्षरओळख नसताना कळत होते ते आम्हांला कळले नाही. बारशाला पहिलाच पाळणा म्हटला गेला, जरीच्या टोपड्यासकट. दुसरे गाणे वहीत आहे. येथे आम्ही ते नाव छापीत नाही; ते घरचे आहे, व घरच्याच सुरात शोभेल.

परंतु याच ठिकाणी आमचा मुख्य मुद्दा उभा राहतो. आजीजवळ ती जागा होती, जाते होते. आमच्याजवळ कोणती आहे? घरात ज्या गोष्टी बोलता येत नाहीत त्या आज बोलावयाच्या कोठे? मेलेले मूल, विकलेले रान, वेडी ठरवून माहेरी धाडलेली आत्या, भावाभावांचा मोडलेला अबोला किंवा न मोडलेला, हे सारे दिवसाच्या बोलण्यात मावत नाही. ते मावेल अशी एकच जागा मनुष्यजातीने आजवर शोधली आहे, ती गाणे. आणि वक्तेमहाशय सांगतात की नेमके हेच गाण्यातून हद्दपार करा!

आता दुसऱ्या आक्षेपाकडे वळू. गीत हे तारुण्याचे, आजोबांनी त्या फंदात पडू नये, असे जे म्हटले जाते ते आपल्या वाङ्मयातील एका उणिवेमुळे खरे वाटते. आपल्या कवितेत आजी आहे, परंतु ती बहुधा नातवाच्या डोळ्यांनी पाहिलेली. केशवकुमारांचे ‘आजीचे घड्याळ’ पाहा. घड्याळ नसताना आजीला वेळ कसा कळतो, याचे नातवाला पडलेले कोडे त्यात किती नामी उतरले आहे! परंतु ते कोडे नातवाचे आहे. त्या आजीला स्वतःला काय वाटत होते, सरत्या वेळेविषयी तिला काय म्हणावयाचे होते, हे सांगण्याचे काम त्या कवितेचे नाही. ते कोणा आजीचेच होते, आणि ते बव्हंशी लेखणीने झाले नाही, तोंडाने झाले व वाऱ्यावर गेले.

युरोपात एका आजोबाने हे काम लेखणीने केले. व्हिक्टर ह्यूगो याचा थोरला मुलगा १८७१ साली वारला, धाकटा १८७३ साली. उरली ती थोरल्याची दोन मुले, जॉर्ज व जान. ह्यूगोने १८७७ साली, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, या दोन नातवंडांवरील कवितांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्याचे नावच ‘आजोबा होण्याची कला’. त्यातील एका प्रसिद्ध कवितेत लहानग्या जानला कसल्याशा अपराधाबद्दल नुसत्या पावावर अंधाऱ्या खोलीत ठेवलेले असते, आणि आजोबा चोरून तिला मुरंब्याची बरणी नेऊन देतात. घरातली वडीलधारी मंडळी रागावतात, की अशाने शिस्त कशी राहील. गंमतीचा प्रसंग खरा. परंतु ज्याने दोन मुलगे पुरले त्याच्या हातातली ती बरणी आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे तिचे वजन कळते. तरुण कवीला ही कविता लिहिता आली नसती. त्याच्याजवळ मुरंबा असता, मरण नसते. आजोबापणा म्हणजे दोन टोकांना एकदम हात लावता येणे. ज्या हाताने आजीचा सुरकुतलेला हात धरला त्याच हाताने नातवाची मूठ धरावयाची. म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षांचा काळ एका माणसाच्या दोन हातांत येतो. गीताला याहून मोठा विषय कोठे मिळणार आहे?

येथवर आम्ही वक्त्यांशी भांडलो. आता कबुली देण्याची पाळी आमची. ‘घर हा रोग आहे’ असे त्यांना वाटले ते अकारण नव्हे. आजकाल मेळाव्यांतून, ध्वनिफितींतून व भ्रमणध्वनीवरील सकाळच्या शुभेच्छांतून आजी-आजोबांची जी गाणी आमच्यावर कोसळतात त्यांत साखर इतकी असते की मुंग्या लागाव्यात. त्यांतली प्रत्येक आजी देवता, प्रत्येक आजोबा वटवृक्ष, प्रत्येक अंगण स्वर्ग. भांडण नाही, कर्ज नाही, पक्षपात नाही. घरात कधी कोणी कोणाशी वाईट वागलेच नाही! अशा गाण्यांनी आजीचा गौरव होत नाही. तिने सोसलेले पुसले जाते. आम्ही स्वतः रचलेला पहिला पाळणा याच जातीचा होता, व त्या संध्याकाळचा टोमणा आम्हांलाच लागू होता, हे कबूल केले नाही तर हा लेख अप्रामाणिक ठरेल.

तीच गोष्ट जात्याची. काही मंडळी जाते गेले म्हणून गळा काढतात. त्यांनी कधी पायली-दोन पायली ज्वारी दळून पाहिली आहे काय? तळहाताला घट्टे, खांद्याला कळा, आणि गरोदरपणातही सुटका नाही. गिरणी आली हे बायकांवर झालेले थोर उपकार होत. आमच्या आजीने गिरणीतून आलेल्या पहिल्या पिठाला हात लावला तेव्हा ते गरम आहे अशी तक्रार केली, परंतु पुन्हा खुंटी धरण्याचा हट्ट काही केला नाही. जाते गेले ते ठीकच झाले. त्याबरोबर बोलण्याची जागा गेली, ती दुसरी कोणी करून दिली नाही, हे दुःख आहे. जात्याचा पाट रंगवून दिवाणखान्यात मांडल्याने ती जागा परत येत नाही.

गोडवा टाळला म्हणजे घरची आठवण केवढी उंची गाठते याची साक्ष मराठीत आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तीत प्रेम आहे हे सर्वांना आठवते. परंतु तीत कर्ज आहे, सावकाराच्या माणसाने दारात येऊन केलेला अपमान आहे, हे आपण सोयीने विसरतो. ते काढून टाका, म्हणजे उरेल तो उपदेश. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना आपल्या कविपतीचा लहरीपणा झाकला नाही. म्हणूनच त्यांचे प्रेम आपणांस पटते. गीतात मात्र हे धाडस का दिसू नये? गद्यात ज्या आईला कर्ज असते तिला पद्यात आणताच मोत्यांचे डूल का घालावेत?

आणि खानदेशच्या बहिणाबाई! असोद्याच्या लेवा पाटलाच्या घरी १८८० साली जन्म, तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, अक्षराशी ओळख नाही. शेतात, चुलीशी, जात्याशी त्या गात राहिल्या. मुलगा सोपानदेव व एक आप्त यांनी त्यांतले काही टिपून ठेवले म्हणून ते राहिले. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या वारल्या, आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ निघाली. महाराष्ट्र थक्क झाला. सोपानदेव स्वतः कवी होते. त्यांनी आईची बोली शुद्ध करून, तिला पुणेरी लुगडे नेसवून पुढे आणले असते तर? तर आज आपणांस एक मध्यम प्रतीची कवयित्री मिळाली असती, व बहिणाबाई मिळाल्या नसत्या. त्यांनी आईचे शब्द तिच्या बोलीत ठेवले, ही त्यांची साहित्यसेवा त्यांच्या स्वतःच्या कवितांइतकीच मोलाची आम्ही मानतो.

म्हणून आमच्या वयाच्या वाचकांस आमचे आग्रहाचे सांगणे आहे. पहाटेच्या काळोखात प्रत्यक्ष दळताना ओवी ऐकलेली मराठी माणसांची शेवटची पिढी आज नातवंडे खेळवीत आहे. आमच्यामागून जे येतील त्यांना ओवी पुस्तकात मिळेल, ध्वनिमुद्रणात मिळेल. मांडीवर डोके ठेवून मिळणार नाही. तेव्हा जे ऐकले ते प्रथम जसेच्या तसे लिहून काढा. वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडीत. ‘मले’, ‘तुले’ याची लाज धरू नका. ज्या मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांचे ‘शीळ’ हे गीत गो. ना. जोशी यांच्या कंठातून ध्वनिमुद्रिकेवर आले व मराठी भावगीताची वाट मोकळी झाली, ते मेहकर येथून काही दूर नाही. या मातीला सूर नवीन नाहीत. मग त्या जुन्या ओवीच्या धाग्यावर आपले गाणे रचा, आणि त्याला तीन प्रश्न विचारा. यात कोणाचे नाव आहे काय? यात कोणाचे काम आहे काय, की सारे नुसते बसून हसत आहेत? आणि जे दिवसा आपल्या घरात बोलले जात नाही असे यात एक तरी वाक्य आहे काय? तिन्ही उत्तरे ‘नाही’ अशी आली तर तो कागद खुशाल फाडा. जरीची टोपडी पुष्कळ झाली आहेत.

कोणी विचारील की, असे गाणे लिहून ते वहीतच ठेवावयाचे असेल तर उपयोग काय? आमचे उत्तर असे की, आजीचीही ओवी तिने कोणाला ऐकविण्यासाठी म्हटली नव्हती. मांडीवर एक मूल अर्धवट झोपेत होते, एवढेच. ते मूल साठ वर्षे विसरले, आणि मग त्याला आठवले. गाण्याला इतकाच श्रोता पुरतो.

आता त्या तरुण वक्त्यांस एक निमंत्रण देऊन लेख संपवितो. येत्या कोजागिरीला त्यांनी पुन्हा मंगरूळपिरात यावे. सभेत नव्हे, आमच्या ओसरीवर. आटीव दूध घ्यावे, गल्लीतल्या मुलींची भुलाबाईची गाणी ऐकावीत, आणि मग आम्ही वहीतले दुसरे गाणे त्यांना वाचून दाखवू. ते गोड वाटले तर त्यांनी सभेत हसले होते तसे खुशाल हसावे. या खेपेस आम्ही चोरटे हसणार नाही, त्यांच्याबरोबर मोठ्याने हसू व तेही फाडून टाकू. परंतु गाणे संपल्यावर त्यांना त्यांच्या घरातले, दिवसा न उच्चारले जाणारे, एखादे नाव आठवले, तर त्यांनी आमचे समाधान करण्यासाठी काहीही बोलू नये. घरी जाऊन ते लिहून ठेवावे.